घराला कुलूप का आहे?

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि थापा मारणं तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे सव्वातीन.

ही काही भुताखेतांची वेळ नव्हे. कारखान्याच्या शेडमध्ये लख्ख उजेड होता. आजूबाजूला दहा माणसं काम करत होती.

मावशी वॉटरजेटवर उभी होती.

हे मशीन पाण्याने लोखंड कापतं. बारीकशा भोकातून पाणी इतक्या दाबाने सुटतं, की त्यात मिसळलेल्या लाल वाळूसकट ते जाड प्लेटच्या आरपार जातं. आधी ते मशीन काकांकडे होतं. काका म्हणजे मावशीचे यजमान. "आम्ही लोखंडालाही पाणी पाजतो," असं ते ऐटीत सांगायचे. मावशी त्याच शेडमध्ये कापलेले पार्ट मोजायची. मशीन चालवायला तिला त्यांनीच शिकवलं.

जानेवारीत एका दुपारी, डबा उघडायच्या आधीच, काका स्टुलावर बसल्या बसल्या गेले.

सकाळी घरातून निघालेला माणूस परत घरी आलाच नाही.

मावशीने घराला कुलूप लावलं आणि आमच्याकडे राहायला आली. "त्या घरात पाऊल टाकवत नाही," म्हणाली. महिन्याभराने कामावर गेली, तेव्हा मालकांनी विचारलं, "त्यांचं मशीन चालवाल का?"

ती हो म्हणाली.

तर तो मंगळवार.

धार प्लेटवर पडली. आवाज इतका कर्कश, की कानांवर मफ घातल्याशिवाय तिथे उभं राहवत नाही. आणि मफ घातला की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही.

अचानक सगळं शांत झालं...

मावशीने पाहिलं. धार चालू होती. प्लेट कापली जात होती. लाल पाणी उडत होतं.

आवाज तेवढा नव्हता.

मग मफच्या आत, अगदी कानाशी... कुणीतरी खाकरलं.

"अगं..."

काकांनी जन्मभर तिला 'अगं'च म्हटलं.

"अगं, घराला कुलूप का आहे?"

वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही. पुढच्याच क्षणी मशीनची किंचाळी पुन्हा कानांवर आदळली.

बुधवारी, त्याच वेळी, पुन्हा ती शांतता...

"किती वेळ उभा राहू? पाय दुखतात गं."

गुरुवारी मावशीने धीर केला. "अहो, कुठे आहात तुम्ही?"

"दारात. रोज पाचला येतो. तू उघडतच नाहीस. रागावलीस का?"

आपण गेलो, हे काकांना ठाऊकच नव्हतं.

सांगावं का? शब्द ओठांवर आले होते. पण तिच्याने बोलवेना.

"नाही हो. मी कशाला रागावू? आज येते मी घरी."

तिने मशीन बंद केलं आणि सुपरवायझरकडे सुट्टी मागितली.

"बरं वाटत नाही का?"

"यजमान खोळंबलेत," ती म्हणाली.

आणि पर्स उचलून निघाली.

घराचं कुलूप जसंच्या तसं होतं. पण उंबऱ्यासमोर...

लाल वाळू. ओली.

त्या वाळूत दोन पावलं. दाराकडे तोंड केलेली. येतानाचा एकही ठसा नव्हता. जातानाचाही नव्हता.

मावशीने दार उघडलं. दोन कप चहा केला. दार सताड उघडं ठेवून बसून राहिली.

पाच वाजले. साडेपाच. सहा...

चहावर साय धरली.

"या ना," ती म्हणाली. "उघडलंय मी."

कुणी आलं नाही.

शुक्रवारी सव्वातीनला तिने मफ घट्ट दाबून धरला. नुसती मशीनची किंचाळी. त्या दिवसापासून आजवर काका एका शब्दाने बोललेले नाहीत.

"उशीर केला मी," एवढंच ती माझ्या आईला म्हणाली. "कंटाळून गेले असतील."

लोक म्हणाले, दुःखाने असे भास होतात. होत असतील. पण ती वाळू आईनेही पाहिली होती. रविवारी.

तेव्हाही ती ओलीच होती.

याला सहा वर्षं झाली. मावशी आता त्याच घरात राहते. पाचच्या आत घरी पोचते आणि दार उघडं ठेवून बसते. माझं लग्न संध्याकाळचं होतं, त्यालाही आली नाही. "उद्या सकाळी दोघं या रे," म्हणाली. "संध्याकाळी मला घरी असायला हवं."

गेल्या महिन्यात एकदा संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो होतो. दारातच उभा राहून बोलत होतो. हसत हसत ती मध्येच गप्प झाली. माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागली...

"जरा सरक," ती हळूच म्हणाली. "वाट अडवू नकोस."

मी सरकलो.

मागे वळून पाहायचं धाडस मात्र झालं नाही. हल्ली मी तिच्याकडे सकाळीच जातो.