आतल्या खोलीतलं रडणं

बिबवेवाडीत माझं श्रवणयंत्रांचं क्लिनिक आहे. कान तपासायचे, यंत्र बसवून द्यायचं आणि मग पुढचा महिनाभर तक्रारी ऐकायच्या. बहुतेकांची तक्रार एकच असते, की नको ते फार ऐकू येतं. पंख्याची घरघर, वर्तमानपत्राचं पान, सुनेचं पुटपुटणं. मी त्यांना सांगतो, हे आवाज आधीही होतेच, तुम्हाला आत्ता ऐकू यायला लागलेत. कान फसवतातही. शिट्ट्या वाजवतात, गेलेल्या माणसाची हाक ऐकवतात. त्याला कारणं असतात आणि ती मला माहीत आहेत. म्हणूनच आमच्या घरात जे झालं ते मी जपून सांगतो आहे.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो, आळंदी रस्त्यापासून जरा आत, एका जुन्या सोसायटीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी, माझी बायको हेमा आणि आमची एकुलती एक पूर्णिमा. आमचं चर्च घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. हेमा तिथे संडे स्कूलला शिकवायची आणि पूर्णिमा लहान मुलांची नाचगाणी बसवायची. नववीत असताना तिचा गुडघा दुखायला लागला. नाचताना मुरगळला असेल म्हणून आम्ही मलम चोळत राहिलो. हाडाचा कर्करोग निघाला.

आजाराचं सगळं सांगत नाही. पाय गेला, केस गेले, आणि शेवटी औषधालाही न जुमानणारं दुखणं तेवढं राहिलं. ती ओरडायची नाही. श्वास अर्धा घेऊन अडकवून ठेवायची आणि मग हळूहळू कण्हत सोडायची. एकदा तिनं मला विचारलं, "पप्पा, देवाला ऐकू येतं ना?"

मी म्हटलं, "येतं."

"मग?"

मी तिची उशी सारखी केली.

ती गेली तेव्हा पुष्कळ लोक मातीला आले. कुणी म्हणालं, देव आपल्या लाडक्यांची परीक्षा बघतो. कुणी म्हणालं, चांगली फुलं तो लवकर खुडतो. आमचे पाळक नागोराव मात्र प्रार्थनेपलीकडे काही बोलले नाहीत. लोक पांगल्यावरही ते कबरेशी उन्हात उभे होते. त्यानंतर मी चर्चला जायचं सोडलं. भांडण नव्हतं. देवाच्या घरात जाऊन बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, इतकंच. हेमा एकटी जायची.

पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला तो एका रविवारी, भर दुपारी. हेमा चर्चमधल्या बायकांबरोबर कुणाला तरी भेटायला गेली होती. मी एकटाच जेवत होतो. पूर्णिमाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत कुणीतरी रडत होतं.

बाईचं रडणं नव्हतं, पुरुषाचं होतं. मोठ्यानं नव्हे. तोंडावर हात दाबून, ऐकू जाऊ नये असं. हुंदका यायचा, मग श्वास अडायचा, मग पुन्हा.

मी हात न धुताच दार उघडलं. पलंग, घडी घातलेली व्हीलचेअर, बंद खिडकी. पलंगाशेजारी स्टूल, ज्यावर बसून आम्ही आळीपाळीनं तिला भरवायचो. खोलीत कोणी नव्हतं. रडणं थांबलं नाही. आवाजाला जागा असते. मी खोलीभर फिरलो, तरी तो स्टुलाकडूनच येत राहिला. मग विरत गेला.

माझ्यासारख्या माणसानं जे करायचं ते सगळं मी केलं. गच्चीवरच्या टाकीचे पाइप तपासले. खालच्या फ्लॅटमधल्या शाहिदला विचारलं, तुमच्याकडे दुपारी टीव्ही असतो का, नसतो म्हणाला. क्लिनिकमध्ये स्वतःचे कान तपासून घेतले. उत्तम निघाले. मग आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं आणि पुढच्या वेळी रडणं सुरू झालं तेव्हा ते स्टुलावर ठेवलं. रिकाम्या खोलीत जो आकडा असतो तोच आकडा तिथे होता. मला ऐकू येत होतं, यंत्राला येत नव्हतं.

आपल्या दुःखानं आपल्याच कानाशी केलेला हा खेळ आहे, असं मी ठरवून टाकलं. पेशंटना मी हेच सांगतो. पण एका संध्याकाळी हेमा मटार सोलत बसली होती, तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, त्या खोलीत कधी काही ऐकू येतं का.

तिचे हात थांबले. "तुम्हाला आता यायला लागलं का?" ती म्हणाली.

मी विचारलं, तुला कधीपासून.

"ती नववीत गेली ना, त्या उन्हाळ्यापासून."

त्या उन्हाळ्यात पूर्णिमाला काहीही झालेलं नव्हतं. त्याच खोलीत पलंग भिंतीला सरकवून ती नाचाचा सराव करायची. हेमा सांगत होती, की पोरगी नाचत असायची, मोबाइलवर गाणं चालू असायचं आणि मधूनच ते रडणं यायचं. पूर्णिमाला ते कधी ऐकू आलं नाही. हेमाला वाटलं, शेजारचा कुणी असेल. गुडघ्याचे फोटो डॉक्टरांनी उजेडात धरले, तेव्हा तिला कळलं की शेजारचा नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते?" ती म्हणाली आणि पुन्हा मटार सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी मी नागोरावांना बोलावलं. ते जालन्याकडचे, उंच, कमी बोलणारे. त्यांना मी फक्त इतकंच सांगितलं, की खोलीत जाववत नाही, तुम्ही येऊन बसा. आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना खोलीत नेलं तेव्हा रडणं चालू होतं. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. तो बदलला नाही. मी त्यांना स्टूल पुढे केलं, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि एवढा मोठा माणूस भिंतीला टेकून जमिनीवर बसला. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

ते म्हणाले, "अभय, मला कारण विचारू नका. व्यासपीठावरून मी पुष्कळ कारणं सांगितली आहेत. लेकराच्या कबरेशी त्यातलं एकही टिकलं नाही." मग म्हणाले, "बायबलात प्रभू मित्राच्या कबरेपाशी आला, तेव्हा घटकाभरात आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रडला. मी त्याच्यापुढे जात नाही, तिथेच थांबतो."

"ज्याला उठवता येत होतं," मी म्हटलं, "त्यानं मुळात मरू का दिलं?"

"मेलेल्याच्या बहिणीही त्याला हेच म्हणाल्या."

"मग त्यानं काय उत्तर दिलं?"

नागोरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आत्ता सांगितलं ना," ते म्हणाले. जाताना त्यांनी खोलीचं दार अगदी सावकाश लोटून घेतलं, आत कुणी आजारी झोपलेलं असावं तसं.

त्यानंतरच्या रविवारी हेमा चर्चला गेली आणि मी मुद्दाम त्या खोलीत जाऊन उभा राहिलो. बाहेर ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. थोड्या वेळानं रडणं सुरू झालं.

"तू इथेच होतास," मी स्टुलाकडे बघून म्हटलं. "ती नाचत होती तेव्हाही होतास. तुला सगळं माहीत होतं."

रडणं चालूच राहिलं.

"मग तिला बरं करायला हात का नाही लावलास?"

उत्तराची मी वाट बघितली. आयुष्यात इतकं कान देऊन मी काही ऐकलं नसेल.

आणि तेव्हा मला ते ऐकू आलं.

श्वास अर्धा घेतला जात होता. मग अडत होता. मग कण्हत, हळूहळू सुटत होता.

पूर्णिमा जिथे अडकवायची, तिथेच तो अडत होता.

मी खाली बसलो. मी पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. मातीच्या दिवशी मी रडलो नव्हतो, नंतरही नाही. त्या दुपारी रडलो. शेजारून येणारा आवाज आणि माझा आवाज यांतला कुठला कोणाचा, हे मला सांगता आलं नसतं. आणि कान हा माझा धंदा आहे.

डोकं वर केलं तेव्हा खोली गप्प होती. त्यानंतर त्या खोलीत काही ऐकू आलं नाही. हेमालाही नाही. मी पुन्हा चर्चला जाऊ लागलो. मागच्या बाकावर बसतो. माझा प्रश्न आहे तिथेच आहे; मी तो सोबत घेऊन जातो.

गेल्या रविवारी आम्ही चर्चहून परतलो. हेमा कोपऱ्यावर भाजी घ्यायला थांबली. मी जिना चढत होतो. शाहिदच्या दारात चपलांचा ढीग होता. त्याला आणि मेहजबीनला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला आहे आणि सध्या त्यांच्याकडे पाहुण्यांची वर्दळ असते. मी दारावरून पुढे जाणार, इतक्यात पाय थांबले.

आत पुरुषाचं रडणं चालू होतं. तोंडावर हात दाबून केलेलं.

मी बेल वाजवली. दार मेहजबीननं उघडलं. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "या ना सर, बरं झालं आलात," ती म्हणाली. पाहुणे हॉलमध्ये हसतखिदळत होते. शाहिद सगळ्यांना खीर वाढत होता. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, बाळाला बघू का.

ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. आवाज पाळण्यापाशी होता. कुणी पाळण्यावर अगदी वाकून रडावं, तसा. इतक्या जवळून मी तो कधीच ऐकला नव्हता.

बाळ झोपलं होतं. गुटगुटीत, तांबूस. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवत असता ना.

"दाखवतो ना. सगळं छान आहे म्हणाले. गुणी आहे हो, सर," मेहजबीन म्हणाली. "रडतच नाही."

मी खाली वाकलो. बाळाचे डोळे मिटलेले होते, पापण्या कोरड्या होत्या. कपाळावर मात्र पाण्याचा एक थेंब होता. मी बघत असतानाच त्याच्या शेजारी दुसरा पडला.