दुधी काचेची खरखरीत बाजू

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून टाकते, कारण माझ्या घरात कुणीच ती खरी मानत नाही.

रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी माझ्या आठ महिन्यांच्या ठकूला आंघोळ घालत होते.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. घर चांगलं, पण मोठं बाथरूम कुणीतरी रागाच्या भरात बांधल्यासारखं. दार उघडलं की बेसिनवर आपटायचं, टॉवेल ठेवायलाही जागा नाही, आणि एकुलत्या एका खिडकीला बाहेरून पत्रा ठोकलेला. खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या उभ्या पोकळीत उघडते. आत नुसते पाइप, आणि समोर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या. कुणी डोकावू नये म्हणून आधीच्या लोकांनी पत्रा लावला असेल, असं आम्ही धरून चाललो.

मला उजेड हवा होता. दिव्याच्या प्रकाशात बाळाच्या अंगावरचं पुरळ कळत नाही. मी अशी काळजी करते. जरा जास्तच करते, असं नवरा म्हणतो. सासूबाई तर एकदा सरळ म्हणाल्या होत्या, हिला झेपत नसेल तर ठकूला माझ्याकडे ठेवा. तेव्हापासून मी कशालाही घाबरले तरी आधी गप्प बसते.

तर पत्रा काढला. सुताराने खिडकीला लागून उंच कपाट बसवलं. ठकूचा टॉवेल, साबण, मग, रबराचं बदक, सगळं त्यात मावलं. खिडकीला दुधी काच बसवली.

काचवाला तिरसट माणूस. चहासुद्धा नको म्हणाला. काम मात्र समजावून सांगितलं. "ताई, हिची एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. खरखरीत बाजू ओली झाली की आरपार दिसतं. म्हणून ती बाहेर ठेवलीय. आत कितीही पाणी उडवा."

जाताना त्याने पत्रा उलटा करून पाहिला. बाहेरची बाजू गंजून तपकिरी झाली होती. फक्त मधोमध तळहाताएवढा भाग… लख्ख. राखेने भांडं घासावं तसा.

पाइप ठिबकत असेल, तो म्हणाला. मलाही पटलं.

चार दिवस मी खूश होते.

पाचव्या दिवशी ठकूने टबात हात आपटणं एकदम थांबवलं. ती खिडकीकडे बघत होती.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढा ठिपका होता. आरपार.

मी आतून बोट फिरवलं. कोरडं.

ओल बाहेरून होती.

दुसऱ्या दिवशी ठिपका लिंबाएवढा झाला. डक्टमध्ये कबुतरं दिवसभर घुमायची. त्या दिवशी लक्षात आलं… एकाचाही आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी नळ बंद केला, आणि ऐकू आलं.

लप…

लप… लप…

मांजर दूध पितं ना, तसं. फक्त फार सावकाश.

बाहेरून कुणीतरी काच चाटत होतं.

चौथा मजला. बाहेर पाय ठेवायला वीतभर जागा नाही.

मी ठकूला तशीच निथळती उचलली. वळता वळता पाहिलं. साडेदहाला डक्टमध्ये ऊन असतं, पण ठिपक्यापलीकडे काळं होतं. काहीतरी काचेला चिकटून होतं.

मग ते मिटलं.

आणि उघडलं.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. काचवाल्याला बोलावलं आणि म्हटलं, काच उलटी करा, खरखरीत बाजू आत घ्या. आधी लावायची मग फिरवायची, लोकांना दुसरे उद्योग नाहीत, असं पुटपुटत त्याने फिरवून दिली. मी मनात म्हटलं, चाट आता गुळगुळीत काच. काही दिसणार नाही.

मला वाटलं, मी फार हुशार.

काच पक्की बसायला दोन दिवस लागतात असं घरी खोटं सांगून मी बाथरूमला कुलूप लावलं. आम्ही बाहेरच्या छोट्या बाथरूममध्ये उरकलं. ठकूला ओल्या फडक्याने पुसून काढलं. किल्ली माझ्याच खिशात होती.

तिसऱ्या दिवशी उघडलं. फरशी कोरडी ठणठणीत.

काचेवर तळहाताएवढा आरपार गोल.

बोट लावलं…

ओलं. चिकट. आतून.

कपाट बंद होतं. उघडलं. सगळं जागच्या जागी. फक्त बदकाचे रंगवलेले डोळे नव्हते. तिथे गुळगुळीत पिवळं रबर होतं.

माझी किंकाळी ऐकून नवरा आला. त्याने काच पाहिली, बदक पाहिलं, मग माझ्या हातातली किल्ली पाहिली.

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"मग?"

त्याने त्याच्या आईला फोन लावला. संध्याकाळी सासूबाई हजर. पंधरा दिवस ठकू त्यांच्याकडे राहणार, मी झोपायचं, खायचं, बरं व्हायचं. दोघांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

मी भांडले नाही. त्या खिडकीपासून तरी लांब जाईल, एवढंच मनात होतं. पिशवी मीच भरली. कपडे, औषधं, आणि कपाटातलं आंघोळीचं सामान. बदक तेवढं ठेवून दिलं. पिशवी वाटली त्याहून जड लागली… तेव्हा लक्ष दिलं नाही.

ठकूला घेऊन ते गेले. मी धीर करून बाथरूममध्ये गेले.

काच दुधासारखी पांढरी होती. डाग नाही.

डक्टमध्ये कबुतरं घुमत होती.

कितीतरी दिवसांनी मी गाढ झोपले.

सकाळी साडेदहाला सासूबाईंचा फोन. स्पीकरवर ठेवून त्या ठकूला आंघोळ घालत होत्या. ती हात आपटत होती, पाणी उडत होतं. माझ्याकडे कशी शहाण्यासारखी राहते बघ, असा एक टोमणा झाला. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या काचवाल्याचा नंबर दे गं. आमच्या खिडकीची काच कोपऱ्यात बिघडलीय. बटणाएवढं आरपार दिसतंय."

ठकूचं हात आपटणं थांबलं.

"आई, तिला बाहेर आणा. आत्ता."

"झालं का तुझं परत सुरू?"

फोन बंद व्हायच्या आधी मागून ऐकू आलं.

लप…

सासूबाईंचं घर दोनच गल्ल्या पलीकडे. मी घरातल्या कपड्यांत धावले. ठकूला टबातून उचललं, पिशवी तिथेच टाकली, आणि कुणाशी न बोलता माझ्या आईकडे आले. नवऱ्याने अजून फोन केलेला नाही. इथल्या बाथरूमला खिडकी नाही.

ठकू ठीक आहे. हसते, खाते, झोपते.

फक्त तिच्या डाव्या खांद्यामागे एक जागा आहे, बटणाएवढी. डॉक्टर म्हणाले, साबणाने कातडी सोलवटली असेल. तिथली त्वचा लख्ख आहे… आणि इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसतात.

मी रोज सकाळी तिथे बटण ठेवून बघते.

आज बटण लहान पडलं.