लोलक नसलेली घंटा

ही गोष्ट खरी आहे. मामानेच सांगितली, तीही मान खाली घालून.

एका वस्तूच्या बदल्यात मामाला मिळणार होतं एक कार्ड. तळहाताएवढं. त्यावर ठसठशीत अक्षरात, 'मनोभावे सेवा करणाऱ्या मुलाकडून भेट'. येणारे-जाणारे वाचणार. एवढंच.

मामाच्या शेतापलीकडे निवृत्त पोस्टमनकाका राहतात. त्यांनी रिकाम्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. गेलेल्या माणसाच्या हातात शेवटी जी वस्तू होती, ती मागून आणायची आणि मांडायची. कुणाचा चष्मा. कुणाची काठी. अर्धा विणलेला मोजा.

आणि मामाने दिलेली आमच्या आजीची पितळी घंटा; कार्ड तिच्याशेजारी लागणार होतं.

आजी अंथरुणाला खिळली होती. पाणी हवं की घंटा वाजवायची.

एका रविवारी भर दुपारी मामा-मामी कार्ड बघायला गेले.

"या, लाउडस्पीकरवाले!" काकू म्हणाल्या. "गावाचे कान किटवता, आणि शेजाऱ्यांकडे यायला वर्ष लागतं होय?"

काकांनी घंटा हलवून दाखवली. मुकी.

"आतला लोलक कुठे गेला हो?"

"पडला असेल कुठेतरी," मामा म्हणाला.

पडला नव्हता.

मामा रात्रभर कार्यक्रमांना लाउडस्पीकर लावायचा, दुपारी झोपायचा. मामी शिवणकारखान्यात. घंटेने झोपमोड व्हायची. एका दुपारी मामाने पकडीने लोलक काढून ठेवला. त्या दुपारपुरताच.

संध्याकाळी मामी घरी आली. आजी गेली होती. घंटा मुठीत घट्ट. उशाचा तांब्या कोरडा.

"झोप लागली गं. ऐकूच आली नाही," मामा म्हणाला होता.

अंगणात चहा आला. आणि...

काकूंचा कप ओठांशीच थांबला.

"गोठ्यात कोण आहे?"

कुत्रा उठून उभा राहिला.

मामीचा चेहरा पांढराफटक. "अहो... आईंची घंटा!"

मामाने कान टवकारले. मैलावरच्या कर्ण्यातली खरखर ओळखणारा माणूस.

काही नाही. पानही हलत नव्हतं.

"कुठे वाजतेय?"

तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

मामी पाण्याचा पेला घेऊन धावली.

घंटा जागच्या जागी होती. काकांनी बोट लावलं आणि... झटकन मागे घेतलं. "अजून थरथरतेय!"

मामाने हात लावला.

गार. निपचित.

लोलक अजून मामाच्या पान्यांच्या डब्यात आहे. बसवायचा, तर कुठे होता ते सांगावं लागेल. मामीला सांगायची हिंमत त्याला आजवर झालेली नाही. मला सांगितलं, आणि तेव्हापासून मीही मामीच्या नजरेला नजर देत नाही.

मामाला कार्ड मिळालं. दुपारची झोपही मिळते; त्याला काहीच ऐकू येत नाही.

मामीने कारखाना सोडलाय. रोज दुपारी ती भरला पेला सांभाळत, उन्हातून शेत ओलांडते.

"आले हं आई... आले."