स्पंजातलं फुलपाणी

स्पंज मिठाच्या पाण्यातच भिजवायचे, एवढं एकच त्या पोरीने बजावलं होतं.

नाबुल गावच्या हसूना कुंभाराला तेच पटलं नाही. दवाखान्यातली रीम घरी येऊन टोपी आणि यंत्र देऊन गेली. दोन ओले स्पंज डोक्याला, वीस मिनिटं, मुंग्या येतील इतकीच वीज. त्याच्या बायकोच्या, शाझलियाच्या, आटत चाललेल्या आठवणीला त्याने टेका मिळेल म्हणे.

"मीठ? माझ्या बायकोचं डोकं आहे की लोणच्याची बरणी?"

"काका, सांगितलंय तेवढं करा. आणि फार आशा धरू नका."

"नको धरू तर काय करू? पन्नास वर्षं संसार केलेली बायको मला विचारते, भाऊ, तुम्ही कोणाकडे आलात?"

चौदा दिवस मीठ झालं. भाऊचा नवरा काही झाला नाही. पंधराव्या दुपारी म्हाताऱ्याचं टाळकं सरकलं. फळीवर नारिंगीच्या फुलांच्या पाण्याची बाटली होती. ऊन लागलं, डोकं चढलं, की नाबुलात हेच कपाळाला चोळतात. ही बाटली मात्र मेहुणीच्या, मन्नूबियाच्या, मयताच्या आंघोळीतून उरलेली. उरलेलं घरी नेऊ नका, असं बायांनी सांगितलं होतं.

"एवढं चांगलं पाणी काय गटारात ओतू?" म्हणून यानेच ते खिशातून आणलं होतं.

स्पंज त्यात भिजले, टोपी चढली. गोड, जड वास खोलीभर साचला. यंत्र बारीक गुणगुणायला लागलं. शाझलियाने मान वर केली आणि नीट त्याच्याकडे पाहिलं.

"हसूना..."

तो खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसला.

"काय रे मातखाऊ, दाढी का नाही केलीस?"

मातखाऊ! शाझलियाच्या तोंडी हा शब्द कधी आला नव्हता. माती तुडवणारा कुंभार म्हणून असं हिणवायची ती मन्नूबिया, जन्मभर, चारचौघांत.

"हनुवटीचं फडकं सैल कर रे... बायांनी घट्ट आवळलंय. आणि पाणी किती गार होतं..."

त्याने टोपी ओरबाडून काढली.

दुसऱ्या दिवशी निमूट मीठ.

"भाऊ, तुम्ही कोणाकडे आलात?"

हसूनाने मिठाला शिव्या घातल्या, रीमला घातल्या, स्वतःलाही सोडलं नाही. तिसऱ्या दुपारी पुन्हा बाटली काढली. मेहुणी तर मेहुणी! तिच्याकडून तरी निरोप जाईल.

"आलास मातखाऊ?"

"तुझं पुरे. शाझलियाला बोलाव."

"बोलवायची कशाला... ती तुझ्या मागे आहे. दारात."

"मग सांग ना तिला! म्हणावं, मी आहे, हसूना. तुझा नवरा."

ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. मग तिने मान हलवली.

"सांगितलं रे. विचारतेय... हा म्हातारा कोण?"

हसूनाने मागे पाहिलं नाही. तार उपटली. यंत्र गप्प झालं. समोर बसलेल्या बायकोचे पाय अनवाणी होते. पाठीमागे फरशीवर तिच्या सपाता वाजल्या... सावकाश, परक्या घरात शिरावं तशा... आणि त्याच्या खुर्चीशी येऊन थांबल्या.