अॅडमिन दादा

शहराबाहेर, गोदामांनी भरलेल्या वाडीत एक ट्रक मागे घेताना विजेच्या खांबावर आदळला आणि अख्ख्या गल्लीची लाइट गेली. भावना नुकतीच ऑफिसमधून जेवायला खोलीवर आली होती. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा यूपीएस केविलवाणा बीप-बीप करत होता. ती ताट ठेवून धावली, पण तिचा हात पोचायच्या आत तोही गप्प झाला.

त्या कॉम्प्युटरवर ‘सोबत’ चालायची. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या घरांसाठी भावनानं हा ऑनलाइन फोरम सुरू केला होता. तिच्या धाकट्या भावाला, प्रीतमला, तो आजार होता. गोळ्या कुठे मिळतात, लेकराचे सांधे दुखायला लागले तर काय करायचं, कुणाला कोणतं रक्त हवंय... सगळं लोक तिथे लिहायचे. घरातल्या दुखण्याच्या गोष्टी कुठल्या कंपनीच्या हाती देणं तिला पटेना, म्हणून सगळा कारभार तिच्याच खोलीत होता.

तिनं कॉम्प्युटर ओढणीत गुंडाळला, बॅकअपची डिस्क आणि लॅपटॉप खांद्याच्या बॅगेत टाकला आणि नाक्यावरचं चहाचं हॉटेल गाठलं. तिथे जनरेटर होता. सगळी टेबलं ड्रायव्हर लोकांनी भरलेली. एकाच टेबलाशी एक रिकामी खुर्ची, आणि समोर निळ्या युनिफॉर्ममधला एक तरुण मोबाइलवर पुन्हा पुन्हा बोट आपटत बसलेला. तिच्या हातातलं ओझं पाहून त्यानं आपला कप बाजूला सरकवला.

काय झालं, असं त्यानं विचारलं. एक वेबसाइट बंद पडली, ती म्हणाली. माझीही बंदच आहे, असं म्हणून तो सांगू लागला. त्याचं नाव धम्मानंद, नोकरी मौद्याच्या वीज केंद्रात. त्याची भाची गोपिका दवाखान्यात होती आणि तिला संध्याकाळच्या आत रक्त हवं होतं. वाडीतल्या एका गोदामात काम करणाऱ्या माणसानं रक्त द्यायचं काल रात्री ‘सोबत’वर कबूल केलं होतं. नाव, नंबर, गोदामाचा पत्ता, सगळं तिथंच.

“इथं शंभर गोदामं आहेत,” तो म्हणाला. “आन् तो अॅडमिन दादा जेवून झोपला असन.”

भावनाचे कान तापले.

“दादा नाही...” ती म्हणाली. “म्हणजे — मीच आहे. आन् माझं जेवण अजून झालंच नाही.”

तो ओशाळला. मग उठला आणि तिच्यासाठी तर्रीपोहे घेऊन आला. नंबर लिहून का नाही घेतला, असं तिनं विचारलं, तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “सोबत कधी बंद पडत नाही, म्हणून.”

हे कौतुक तिला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

कॉम्प्युटर सुरू झाला, पण अचानक बंद पडल्यामुळे आतला डेटा बिघडला होता. आता भरवसा पहाटेच्या बॅकअपवर. तिनं डिस्क लॅपटॉपला लावली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी भरू लागली, आणि तेवढ्यात बाहेरचा जनरेटर खोकायला लागला. लॅपटॉपची बॅटरी जुनी, कधीही दगा देणारी. धम्मानंद बाह्या वर सारत बाहेर गेला. परत आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता. जनरेटर मात्र एका लयीत चालत होता.

“तुम्ही वीजवालेच,” ती हळूच म्हणाली.

“तुमचं चालू द्या. लाइट मी पाहतो.”

पट्टी भरली. कालच्या चर्चा एकामागून एक उमटल्या आणि त्यात ते नाव सापडलं : ओमप्रकाश, टायरचं गोदाम, वळणाच्या पुढे. धम्मानंद तसाच पळाला. चहा टेबलावर थंड झाला. भावना त्या कपाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

रक्त वेळेत मिळालं. गोपिका घरी आल्यावर त्यानं ‘सोबत’वर सगळ्यांसमोर लिहिलं की अॅडमिन ताईंची माफी मागतो. त्याखाली एक सल्लाही होता. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच खोलीत ठेवणं बरं नाही. एक प्रत मौद्याला ठेवा. तिथं लाइट जात नाही, आणि गेली तर शिव्या मलाच बसतात.

मग दर रविवारी तो एक डिस्क घेऊन यायचा आणि दुसरी घेऊन जायचा. एकदा बाइकला किक मारता मारता त्यानं विचारलं, “हे नेटवरून पण पाठवता येते ना?”

“येते.”

“मग?”

“मग... नेट स्लो आहे.”

तो हसला. नेट स्लो नव्हतं.

पण एक प्रश्न भावनाला छळत होता. ती स्वतः वाहक होती, ‘एएस’. तिला आजार नव्हता. मात्र जोडीदारही वाहक निघाला तर लेकराला आजार होण्याची भीती. लग्नाआधी तपासणी करा, असं तिनंच कितीजणांना लिहून सांगितलं होतं. धम्मानंदच्या बहिणीची मुलगी आजारी, म्हणजे बहीण वाहक. मग तोही असू शकत होता. विचारायला काय झालं? पण त्यांच्या ओळखीतल्या घरांत एखाद्या मुलीनं मुलाला त्याचा पॅटर्न, म्हणजे तपासणीत एए आला की एएस, हे विचारलं, की त्याचा अर्थ एकच होत असे.

थंडीतल्या एका रविवारी ते अंबाझरीच्या बांधावर बसले होते. पाण्यावरून गार वारा येत होता. तिनं डिस्क ओंजळीत घट्ट धरली होती.

“तुमचा... पॅटर्न काय आहे?”

तो सावकाश वळला. त्यालाही अर्थ कळला होता.

“तुमचा?”

“एएस.”

त्यानं बांधावरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. त्या क्षणात तिनं पुढचे सगळे रविवार मनातल्या मनात पुसून टाकले.

“मी एए आहे,” तो म्हणाला. “काहीच नाही मले. ताई एएस निघाली तेव्हा तपासलं होतं. आन् मागच्या महिन्यात पुन्हा तपासून घेतलं.”

“पुन्हा काहून?”

“तुमच्यासाठी. पक्कं पाहिजे होतं.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही विचारलंच नाही. आन् न विचारता सांगितलं असतं, तर... ते मागणी घातल्यासारखंच झालं असतं ना.”

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. अंधारायच्या आधी मौद्याला पोचायचं म्हणून तो उठला, आणि नेहमीप्रमाणे त्यानं डिस्कसाठी हात पुढे केला. भावनानं डिस्क बॅगेत टाकली आणि बॅग खांद्याला लावली.

“आज डिस्क घेऊन मीच येते,” ती म्हणाली. “तुमच्या आईले भेटायले.”