एका शेगडीचं घर

सुनेच्या तोंडाला कुलूप नव्हतं, ही हेडबाईंची पहिली तक्रार. आणि दुसरी तिच्याहून मोठी, की नांदत्या घराचा चार शेगड्यांचा गॅस काढून टाकून तिने सगळा संसार विजेच्या एका शेगडीवर आणून बसवला होता.

हेडबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकतीस वर्षं त्यांनी तीनशे माणसांचा स्वयंपाक केला, तिथल्या पोरींनी धाकाने हे नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्याबरोबर घरी आलं. शाळा चौथीत सुटली होती, पण उकळत्या पातेल्यात काय कमी पडलंय हे त्या दारात उभं राहून सांगायच्या, चव न घेता, नुसत्या वासावर! नवरा होता तोवर तो जिना चढता चढताच ओरडायचा, "आज लसूण जरा करपलाय, बाईसाहेब," आणि त्या आतून म्हणायच्या, "मग जिन्यातच जेवा." पुढे तो गेला. त्याचा लोकरी मफलर तेवढा उशीखाली राहिला, आणि त्यात त्याच्या तंबाखूचा वास...

दोन वर्षांपूर्वी हेडबाई पंधरा दिवस तापाने पडल्या, आणि ताप उतरला तो त्यांचं नाक घेऊन गेला. मफलर नुसती लोकर झाला. ही गोष्ट त्यांनी ना लेकाला सांगितली ना लेकीला, कारण सांगितली असती तर सगळ्यांनी मोठ्या मायेने त्यांच्या हातातला डाव काढून घेतला असता, खिडकीशी खुर्ची मांडून दिली असती, आणि मग हेडबाई संपून तिथे उरली असती एक म्हातारी! त्यानंतर तीन महिन्यांनी नात जन्मली. तान्ह्या जिवाला उराशी घेऊन त्यांनी तिच्या टाळूवर नाक टेकवलं, डोळे मिटले, खोल श्वास घेतला... आणि काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. नात आता पावणेदोन वर्षांची झाली होती, पण एक दिवस असा गेला नव्हता की हेडबाईंनी चोरून ते नाक तिच्या टाळूला लावलं नाही. वाटायचं, आज येईल. निदान आज तरी.

आणि अशा घरात ही बडबडी सून! लाँड्रीच्या काउंटरवर दिवसभर तोंडातून पावतीपुरते शब्द काढायची, नवऱ्यापुढे मान खाली, नणंदेपुढे तर मुकीच. पण सासूच्या मागे स्वयंपाकघरात शिरली की रेडिओ सुरू. आई, लसणाचा वास सुटला. आई, लोणी जरा लालसर झाल्यासारखा वास येतोय. जणू साऱ्या जगात हिलाच नाक आहे!

त्या रविवारी दुपारी लेक जेवायला यायची होती. एका शेगडीवर चार पदार्थ होत नाहीत, म्हणून हेडबाईंनी चिकन आणि पास्ता एकाच पसरट पॅनमध्ये करायला घेतला. कॅन्टीनमध्ये अशा काल्याला त्यांनी हात लावला नसता. मीठ-मिरपूड चोळलेले तुकडे लोण्यात पडले आणि पाठीमागे रेडिओ लागला.

"तडतड मंदावली की उलटा, आई."

"तू जन्मायच्या आधीपासून मी कोंबड्या उलटतेय."

पण त्या थांबल्या ऐकायला. तडतड मंदावली, तुकडे उलटले, सोनेरी निघाले. मग कांदा-लसूण, मग पाणी आणि दूध, आणि त्यातच कोरडा पास्ता. झाकण थडथडायला लागलं की आच कमी करायची, चमचा जड लागला की पास्ता पाणी प्यायला समजायचं, शेवटी मलई घालून चमचा ओढला आणि मागे क्षणभर रस्ता राहिला की पॅन उतरवायचा. हे सगळं सून दोन वर्षं कानाशी गुणगुणत आली होती, आणि हेडबाईंचे हात आता ते आपणहून करत होते. मीठ सुनेने चाखलं, चिमूटभर घातलं, आणि काहीच न केल्यासारखी काकडी चिरायला लागली.

लेक आली ती एकटी नाही. तिच्या मागून हेडबाईंचा मुलगा एक भलं मोठं खोकं दोन्ही हातांत धरून आत आला. बस चालवणारा धिप्पाड गडी, पण बहिणीपुढे त्याचं चालायचं नाही. खोक्यात गॅसची नवी कोरी शेगडी होती, तीन बर्नरची. लेक म्हणाली की आईची दोन वर्षांची वनवासाची शिक्षा आता पुरे झाली, उद्या माणूस येऊन जोडून देईल.

हेडबाईंचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी खोक्यावरून हात फिरवला. आणि तेवढ्यात मुकी सून बोलली.

"ताई, गॅस या घरात येणार नाही."

लेकीने विचारलं, का म्हणून. सून म्हणाली, मला भीती वाटते. मुलगा ओशाळून हसला आणि म्हणाला की हिचं हे असंच, काडेपेटीलासुद्धा घाबरते, भित्री कुठली. पण लेक हसली नाही. ती बोलत गेली, की आईच्या हयातभराच्या मानावर या पोरीने पाणी ओतलं, भीतीचं सोंग करून तिला तिच्याच चुलीवरून उठवलं. आणि सून काकडीच्या फोडींकडे बघत नुसती उभी, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"एवढी भीती वाटते तर माहेरी जाऊन राहा," लेक म्हणाली. "माझ्या आईचं घर आहे हे."

सुनेने तेव्हा मान वर केली आणि सासूकडे पाहिलं. एकदाच. ती नजर विनवत होती, पण स्वतःसाठी नव्हे. विनवणी होती की तुम्ही काही बोलू नका...

आणि हेडबाईंना ती दुपार आठवली.

थंडीचे दिवस होते, ताप जाऊन आठवडा झालेला. दूध चढवून त्या खुर्चीत टेकल्या होत्या, डोकं जड, डोळा लागलेला. सात महिन्यांची पोटुशी सून कामावरून आली ती वाऱ्यासारखी आत शिरली, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि दंडाला धरून सासूला बाहेर गॅलरीत घेऊन गेली. आई, जरा हवा खाऊ या, म्हणाली, आणि त्यांना तिथे बसवून स्वतः पुन्हा आत जाऊन आली. हेडबाईंनी तिला फैलावर घेतलं होतं, की दिवस गेले म्हणून डोकंही गेलं का, एवढ्या थंडीत हवा कसली खायची! त्या परत आत आल्या तेव्हा गॅसवर दूध नव्हतं. पातेलं घासून पुसून पालथं घातलेलं होतं. ते कुणी घासलं, का घासलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं... दूध उतू गेलं होतं. जाळ विझला होता. आणि गॅस...

त्याच आठवड्यात सून म्हणाली होती की तिला गॅसची भीती वाटते.

हेडबाईंनी खोक्यावरचा हात काढून घेतला. ज्या टाळूवर त्या रोज नाक टेकवत होत्या, ती टाळू त्या दुपारी पोटात होती, त्याच बंद घरात शिरली होती, त्यांच्यासाठी! आणि ही वेडी पोर दोन वर्षं भित्री म्हणवून घेत होती, नणंदेचे टोमणे गिळत होती, आणि मागे उभी राहून एकेक वास शब्दांत घालून त्यांच्या कानात ओतत होती.

"ते खोकं परत ने," त्या लेकीला म्हणाल्या.

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"मला वास येत नाही. तापापासून. काहीच नाही येत." आवाज फुटला तसा त्यांनी तो दरडावून सरळ केला. "गॅस मी उघडा ठेवला होता. हिने बंद केला."

मुलगा खोक्यावरच बसला. लेकीने तोंडाला पदर लावला आणि भावजयीकडे बघायची तिची हिंमत होईना. सून मात्र सासूवरच रागावली, आयुष्यात पहिल्यांदा.

"कशाला सांगितलंत, आई? त्या दुपारचं मी तुम्हाला कळूसुद्धा दिलं नसतं. कळलं असतं तर तुम्ही आपणहून शेगडीपासून दूर झाला असता. आणि शेगडीपाशी नाही, तर मग या घरात तुम्हाला शोधायचं कुठे?"

नात पायाशी आली होती. तिला उचलून हेडबाईंनी कडेवर घेतलं, तिच्या टाळूवर नाक टेकवलं, आणि यावेळी चोरून नाही.

"सांग," त्या सुनेला म्हणाल्या. "कसला वास येतो हिला?"

सून जवळ आली. तिने त्याच टाळूवर, सासूच्या गालाला गाल लागेल इतक्या जवळ, नाक टेकवलं आणि डोळे मिटले.

"दुधाचा... पण ताज्या नाही, जरा आंबूस. मग उन्हात वाळलेल्या चादरीचा. आणि कानामागे, आई, थोडा तुमचा. तुम्ही सारखं घेता ना तिला."

हेडबाईंच्या डोळ्यांतून टपटप आसवं गळाली, नातीच्या जावळावर, आणि त्यांनी ती पुसली नाहीत. दोन वर्षांनी त्यांना नात मिळाली होती. मग त्यांनी नातीला सुनेच्या कडेवर दिलं, पॅन टेबलाच्या मधोमध आणून ठेवला, चिकनचा सगळ्यात मोठा तुकडा सुनेच्या ताटात वाढला, लेकीला हाताने खुणावलं की तू शेजारच्या खुर्चीवर सरक, आणि आपल्याजवळची खुर्ची सुनेसाठी ओढली.

"बस इथे. भित्री तू नव्हेस, या घरात एकच भित्री होती, ती मी. तू लबाड आहेस. एक नंबरची लबाड, आणि काकडी तुला अजून चिरता येत नाही. आणि ऐक, उद्यापासून माझ्या मागे उभी राहून बडबड बंद केलीस ना, तर याद राख."