आंबुशीचा वाडगा

ती आली ती भांडायला आल्यासारखीच. दारातूनच म्हणाली, "मी चोर आहे असं ठरलंय. खोटं ठरवता येत असेल तर चला, नाहीतर मी दुसरीकडे जाते."

भिंगबाईंना अशी माणसं आवडत. गळ्यात भिंग अडकवून लोकांचे खाजगी तपास करणाऱ्या या बाईंना शेजाऱ्यांनीच हे नाव ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरचे मास्तर, म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, कायम त्यांच्या मागे असत. त्यांचा उपयोग काय, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

"बसा आणि सांगा," भिंगबाई म्हणाल्या.

ती बसली नाही, पण तिनं सांगितलं. चिनी मातीच्या वाडग्यांवर ती पानंफुलं कोरायची. थोरले दीर चाकावर वाडगे घडवत, जाऊ ग्लेझचा चकचकीत लेप देऊन भट्टी लावे, नवरा दुकान सांभाळे. एकोणीस वर्षं वाडग्यांच्या बुडावर शिक्का कारखान्याचाच पडत आला होता. यंदा पहिल्यांदा संग्रहालयानं तिच्याकडून एक वाडगा मागवून कायमचा ठेवून घ्यायचं ठरवलं, आणि पाटीवर नाव तिचं लागणार होतं. त्या वाडग्यावर तिनं मोरीमागे उगवणारी आंबुशी कोरली होती, तीन-तीन पानांची.

"आणि गुरुवारी सासऱ्यांच्या पेटीत कागद निघाला. हीच आंबुशी, खाली त्यांची सही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे मी मेलेल्या माणसाची नक्कल मारली. आज चारला पाटीवरचं नाव ठरणार आहे."

"तुमचा स्वतःचा कागद कुठाय?"

"कच्च्या वाडग्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळते आणि सुईनं टोचून नक्षी उतरवते. मातीच्या ओलीनं तिचा लगदा होतो, मग फेकून देते. आजवर कुणी पुरावा मागितला नव्हता."

तिचा आवाज चढला तसे मास्तरही तापले. कुणाच्या हातच्या कामावर दुसऱ्यानं सही केली की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

संग्रहालयात पोचेपर्यंत ती तिडीक टिकली, पण पुढं टिकेना. अधिकाऱ्यांनी वाडगा आणि कागद दोन्ही टेबलावर ठेवले. वाडगा इतका पातळ होता की आत धरलेल्या बोटांची सावली बाहेरून दिसे. कागदाची पट्टीही पातळ होती, चहात बुडवल्यासारखी पिवळी. मास्तरांनी ती वाडग्याभोवती हळूच गुंडाळली. पानावर पान बसलं, देठावर देठ, आणि पट्टीची दोन्ही टोकं केसभर फट न सोडता भिडली.

"तंतोतंत आहे," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "बाई, ही नक्षी या कागदावरचीच."

"किंवा हा कागद या नक्षीवरचा," भिंगबाई म्हणाल्या. "चला, घरची माणसं बघू."

कारखान्यात थोरले चाकावर होते. त्यांनी चाक थांबवलं नाही.

"मी रविवारी माती आणायला गेलो तो बुधवारी परत आलो," ते म्हणाले. "गुरुवारी कागद हातात पडला. बाबांची सही बघितली आणि माझं टाळकं फिरलं. पन्नास वर्षं चाकावर बसलेला माणूस होता तो. त्याचं नाव मी कुणाला खाऊ देणार नाही, भावजयीलाही नाही. कागद तसाच पाकिटात घातला आणि संग्रहालयात दिला."

"बाबांचे आणखी कागद आहेत?"

थोरल्यांनी मानेनंच पेटी दाखवली. आत जाड कागदाच्या पट्ट्यांची गुंडाळी होती. भिंगबाईंनी नेच्याच्या पानांची एक पट्टी काढली. त्याच नेच्याचा, बाबांनी स्वतः केलेला वाडगा कपाटात होता. त्याच्याभोवती पट्टी गुंडाळली तर टोकं एकमेकांवर चार बोटं चढली.

"जुना कागद आहे, ताणला असेल," मास्तर म्हणाले. भिंगबाईंनी पट्टी परत गुंडाळीत ठेवली.

जाऊबाई फळीवर वाडगे मांडत होत्या. कागद त्यांनाच सापडला होता, आणि तो सापडल्याचं दुःख त्यांना झालेलं दिसत नव्हतं.

"पेटी पुसताना वरच होता," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? ग्लेझ मी देते, भट्टी मी लावते, मीच उतरवते. माझं नाव कुठं लागलंय? हिचंच का लागावं?"

त्यांच्यासमोर दोन वाडगे होते, एक मोठा मातकट आणि एक लहान पांढराशुभ्र. मास्तरांनी सहज विचारलं, "दोन मापं करता वाटतं?"

"एकाच मापाचे आहेत. हा भट्टीत जाऊन आलाय," जाऊबाई तुटकपणे म्हणाल्या.

"आंबुशीचा वाडगा भट्टीतून कधी निघाला?" भिंगबाईंनी विचारलं.

"सोमवारी सकाळी. मी उतरवला आणि थेट दुकानात दिला. भट्टीजवळ नाजूक माल ठेवत नाही आम्ही. दुकानाची किल्ली धाकट्या भावोजींकडे असते, दुसरी नाही."

दुकानात तिचा नवरा पातळ कागदात वाडगे गुंडाळून खोक्यात भरत होता. माणूस मऊ होता. त्यानं त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"मी तिला म्हटलं, मिटवून टाक," तो म्हणाला. "घरात राहायचंय आपल्याला. कागदावरून काय खरं, काय खोटं, मला कळत नाही. मातीला मी कधी हात लावला नाही. त्यावरूनच बाबांचं आणि माझं फाटलं. तयार माल येतो, मी बांधतो. तो वाडगाही मीच बांधला आणि मंगळवारी पोचवला."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "बिचारा. दोन्हीकडून भरडला जातोय. बाई, मला ती जाऊ बरोबर वाटत नाही. जळफळाट होता नुसता."

"होताच. तिनं तो लपवला नाही," भिंगबाई म्हणाल्या.

चार वाजता संग्रहालयाच्या त्या खोलीत सगळे जमले. कोरणारी नवऱ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडं पाहिलं.

भिंगबाईंनी कागद थोरल्यांच्या हातात दिला. "वाडग्याभोवती गुंडाळा. तुम्हीच."

थोरल्यांनी रागारागानं पट्टी उचलली. ती वाडग्याभोवती फिरवली, टोकं भिडली, आणि त्यांचा हात थांबला. चेहऱ्यावरचा रागच जागेवर राहिला नाही.

"हे जुळतंय," ते म्हणाले.

"जुळणारच ना," मास्तर म्हणाले.

"जुळायला नको."

मास्तरांना ते दोन वाडगे आठवले आणि त्यांचे कान तापले. चाळीस वर्षं मुलांना प्रमाण शिकवलेला माणूस तो.

"बरोबर, जुळायला नको," भिंगबाई म्हणाल्या. "कोरण्याआधी काढलेला कागद कच्च्या वाडग्याच्या मापाचा असतो. भट्टीत वाडगा आकसतो, कागद भट्टीत जात नाही. बाबांच्या नेच्याचा कागद त्यांच्याच वाडग्यावर चार बोटं उरला. हा केसभरही उरत नाही. म्हणजे तो भाजलेल्या वाडग्यावर ठेवून गिरवलाय. वाडगा भट्टीतून सोमवारी निघाला. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले."

"मग हे केलं कुणी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"थोरले बुधवारपर्यंत इथं नव्हते. जाऊबाई दिवसाला शंभर वाडगे कच्चे भट्टीत लावतात आणि पक्के उतरवतात. त्यांनी कागद बनवला असता तर मोठा बनवला असता. ही चूक एकच माणूस करू शकतो, ज्यानं कच्चा वाडगा कधी हातात धरला नाही. सोमवार ते मंगळवार वाडगा त्याच्या कुलपात होता. आणि बाबा जाड कागद वापरत. हा पातळ कागद दुकानात खोकी बांधायचा आहे."

सगळ्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. तो मऊच राहिला.

"मी श्रेय कुणा परक्याला दिलं का?" तो म्हणाला. "बाबांचं नाव लागलं असतं तर ते घरातच राहिलं असतं. एकट्या तिचंच कशाला? लोक मला विचारायला लागले होते, तुम्ही काय करता म्हणून."

"मग करायचं होतंस काहीतरी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो ऐकवेना. "रोज रात्री शेजारी झोपून मला म्हणायचास, मिटवून टाक. मलाच मिटवत होतास."

थोरले उठून तिच्यासमोर आले. जन्मात कधी माफी मागितली नसावी, कारण त्यांना शब्दच जुळेनात. "मी नीट बघायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

अधिकाऱ्यांनी पाटीचा मजकूर तिच्यापुढं सरकवला. नाव, आडनाव सगळं सुबक टाइप केलेलं होतं. "एकदा तपासून सही करा."

तिनं पेन घेतलं आणि आडनावावर एक सरळ रेघ मारली, कोरताना मारायची तशी, एका दमात.

"आडनाव तरी राहू दे," थोरले म्हणाले.

"बाबांचं आहे ते. मी खाल्लं असं व्हायला नको."

तिनं सही केली, तीही तेवढ्याच नावाची. अधिकाऱ्यांनी कागद फिरवून वाचला आणि त्यावर शिक्का मारला.